पुण्णा दासीचा प्रश्न आणि मुकादमाची वही



"धर्म बदललात, पण त्याने तुमच्या विहिरीला पाणी लागले काय?" हा प्रश्न आपल्या बीड जिल्ह्यात कोणत्या गावी, कोणत्या पारावर आपल्या माणसाला ऐकावा लागलेला नाही? विचारणारा हसत विचारतो, भोवतालचे चार जण त्याला साथ देतात, आणि आपला माणूस एक तर मान खाली घालून निघून जातो, नाही तर अंगावर धावून जातो. दोन्ही प्रकारांत जिंकतो तो हसणाराच. वस्तुतः उत्तर अगदी जवळ होते. विहिरीला पाणी पावसाने लागते, धर्माने लागत नाही, हे आम्हांस दीक्षेच्या आधीपासून ठाऊक आहे; पण तुम्ही तर धर्म बदलला नाही, मग एप्रिल महिन्यात तुमच्या आळीत टँकर का येतो? एवढे शांतपणे विचारले असते तर हसण्याची पाळी कोणावर आली असती, ते सांगावयास नको.

हे उत्तर का सुचले नाही? बुद्धी कमी आहे म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला एकच शिकविण्यात आले: वरच्याने विचारावे आणि खालच्याने ऐकावे. अंगावरची गुलामगिरी कायद्याने जाते. जिभेवरची राहून जाते.

अशा वेळी आपल्या भगिनींनी पुण्णेची आठवण करावी. थेरीगाथेत तिची कथा आहे. ही अनाथपिंडिकाच्या घरची दासी. थंडीच्या दिवसांत नदीवर पाणी भरावयास जाणे हे तिचे काम. तेथे एक ब्राह्मण कुडकुडत नदीत उतरलेला तिने पाहिला. तिने त्याला सरळ विचारले की, मी मालकिणीच्या माराच्या भयाने या पाण्यात उतरते. तू कोणाच्या भयाने उतरला आहेस? तो म्हणाला की, पाप धुण्यासाठी. त्यावर पुण्णेने जे विचारले ते अडीच हजार वर्षांत कोणाला खोडता आलेले नाही. पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासव, सुसरी हे सगळे स्वर्गाला जातील. खाटकाने आणि चोराने एक बुडी मारली की तेही सुटतील. आणि शेवटी तर तिने कमालच केली: ही नदी पाप वाहून नेत असेल तर त्याबरोबर तुझे पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्यापाशी उरेल काय? ब्राह्मण निरुत्तर झाला, आणि त्याचा मोठेपणा असा की त्याने ते कबूल केले. आपले वस्त्र तो तिला देऊ लागला, तर तिने तेही घेतले नाही.

नीट पाहा. या दासीने शिवी दिली नाही, ग्रंथाचा आधार सांगितला नाही, कोणाचा जयजयकारही केला नाही. समोरच्याचेच म्हणणे तिने हाती घेतले आणि ते शेवटापर्यंत नेऊन दाखविले. विनोद तिच्या बोलण्यात आहे, पण तो तर्काच्या पोटातून आलेला आहे. दुबळ्याच्या हाती याहून धारदार शस्त्र नाही, आणि त्याला परवानाही लागत नाही. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. राक्षसभुवनच्या घाटावर आजही माणसे ग्रहपीडा टाळावयास जातात, आणि खरे बोलावयाचे तर त्यांच्यात आपल्या आळीतली माणसेही असतात. पुण्णा त्या घाटावर उभी राहिली तर तिने आधी कोणाला विचारावे? मला वाटते, आपल्याला.

आता विवेकाविषयी. हा शब्द या जिल्ह्याला नवा नाही. मराठीतील आद्य ग्रंथांत ज्याची गणना होते तो 'विवेकसिंधु' मुकुंदराजांनी शके १११० मध्ये लिहिला असे मानतात, आणि मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस दाखविली जाते. ग्रंथाचा अधिक्षेप मी करीत नाही. संस्कृत सोडून लोकांच्या भाषेत तत्त्वज्ञान सांगण्याचे धैर्य त्या काळी लहान नव्हते. परंतु त्या परंपरेतील विवेक म्हणजे नित्य काय आणि अनित्य काय यांची निवड. सर्वत्र एकच ब्रह्म भरले आहे असे ज्या भूमीत शतकानुशतके सांगितले गेले, त्याच भूमीत पाणवठे मात्र वेगळे राहिले. त्या विवेकाला ब्रह्म दिसले, तहानलेला माणूस दिसला नाही. तथागतांचा विवेक खाली उतरून विचारतो: यातून दुःख वाढते की कमी होते? कोणाचे? बाबासाहेबांनी मे १९५६ मध्ये बी.बी.सी.वरून बोलताना प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे सांगितली, तेव्हा प्रज्ञेचा अर्थही त्यांनी असाच सांगितला: अंधश्रद्धेच्या आणि अद्‌भुताच्या विरुद्ध असलेली समज. (त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली, तेव्हा आपला जिल्हा अजून हैदराबाद राज्यातच होता, मुंबई राज्यात तो गेला १ नोव्हेंबरला. राज्य बदलण्याआधी अठरा दिवस धर्म बदलला.)

ही समज तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात ठेवण्याची वस्तू नव्हे. ती ऊसतोडीला बरोबर न्यावयाची आहे.

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. मुकादम उचल देतो. नवरा आणि बायको मिळून जी जोडी होते तिला म्हणतात 'एक कोयता'. हा शब्द आपण इतका वापरला की त्याचा अर्थ ऐकूच येईनासा झाला. दोन जिवंत माणसे, दोन पोटे, चार हात, आणि मोजणी एका लोखंडी हत्याराची! उचल एका कोयत्याची, ती घेणार नवरा, फेडणार दोघे, आणि बाई आजारी पडून कामाला आली नाही तर खाडा दोघांच्या हिशेबात. हे अंकगणित कोणत्या देवाने लिहिले? बाईची मजुरी वेगळी का लिहिली जात नाही, हा प्रश्न पुण्णेच्या प्रश्नाइतकाच साधा आहे आणि तितकाच अवघड.

आणि याच अंधारात आणखी एक गोष्ट झाली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न महाराष्ट्रासमोर आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली, आणि पाहणी केलेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतील काही शस्त्रक्रिया आवश्यकही असतील. सरसकट दोष देणे हाही अविचारच. परंतु कित्येक जणींना एवढेच सांगण्यात आले की पिशवी खराब आहे, काढली नाही तर कर्करोग होईल. कशावरून? दुसऱ्या डॉक्टरास दाखविले काय? औषधाने बरे होण्यासारखे नाही काय? हे विचारण्याची सवय आपण आपल्या मुलींना कधी लावली होती? अंगाऱ्यापुढे वाकणारी मान डॉक्टरच्या टेबलापुढेही तशीच वाकते. अंधश्रद्धा देवळात राहते आणि शहाणपण दवाखान्यात, अशी वाटणी नसते.

केसपुत्त गावच्या कालामांनी भगवंतांना विचारले होते की, जो येतो तो स्वतःचेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे ऐकावे? भगवंतांनी सांगितले की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, नुसत्या तर्काला पटते म्हणून, सांगणारा भारदस्त दिसतो म्हणून मानू नका. आणि हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही मानू नका. हितकारक की अहितकारक, हे स्वतः जाणून मग स्वीकारा. यातले पहिले आपण दुसऱ्यांना आनंदाने ऐकवितो. शेवटचे वाक्य आले की आपला आवाज बसतो.

कारण तेथे प्रश्न आपल्यावर उलटतो. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पितृपंधरवड्यात आपल्या किती घरांतून कावळ्याला घास गेला? देवळी रिकामी झाली आणि तेथे बाबासाहेबांचा फोटो आला, हे योग्यच. पण त्या फोटोला नवस बोलला जात असेल तर आपण देव बदलला, बुद्धी बदलली नाही. ज्या पुरुषाने २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले की, धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, राजकारणात मात्र भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, त्यालाच आपण नारळ फोडतो आणि त्याचे ग्रंथ कपाटात ठेवतो! सनातन्यांनी बुद्धाला विष्णूचा अवतार केले म्हणून आपण संतापतो. आपण बाबासाहेबांचे काय करीत आहोत?

औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी 'मिलिंद' हे नाव दिले, यातही अर्थ आहे. मराठवाड्यातली पहिली शिकलेली पिढी तेथे घडली, बीडची मुलेही तेथे गेली. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. भिक्षू नागसेनाने त्याला आधीच अट घातली की, पंडितांप्रमाणे वाद करणार असशील तर बोलतो, राजांप्रमाणे करणार असशील तर नाही. फरक काय, तर पंडितांच्या वादात चूक दाखविली जाते, ती मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात जो विरोध करील त्याला शिक्षा होते. मिलिंदाने पहिला प्रकार पत्करला.

आपल्या विहारांतील वाद कोणत्या प्रकारचे असतात? पौर्णिमेच्या सभेत पंधरा-सोळा वर्षांची एखादी मुलगी उठून विचारते की, लग्नाची तारीख पंचांग पाहून का धरली, किंवा वर्गणीचा हिशेब कोठे आहे. त्यावर तिला बसवून टाकणारे कोण असतात? पारावरचे सवर्ण नव्हे. तिचेच काका-मामा असतात, आणि खिशावर निळे चिन्ह असते.

येती पौर्णिमा हंगामाला निघण्यापूर्वीची असेल, तर त्या सभेत भाषणे कमी ठेवावी. घरोघरची उचल किती, टनाचा भाव काय ठरला, खाडा किती, हे शिकलेल्या मुलांनी कागदावर मांडावे, आणि मुकादमाच्या वहीतला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. मुकादम म्हणेल, "माझ्यावर विश्वास नाही काय?" त्याला सांगावे की विश्वास आहे, वहीही पाहावयाची आहे. आणि तो कागद त्या मुलीला वाचावयास सांगावा.