साक्षीदार मोठा नको, माहितीचा हवा

नागरिकत्वाचा अर्ज भरताना लोक मला हमखास विचारतात, "साक्षीदार म्हणून कुणाला घेऊ? आमदारांची ओळख निघेल." माझे उत्तर ठरलेले आहे: ओळख काढावी लागते, तो माणूस नको.

नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 6 खालील अर्जाला अर्जदाराच्या चारित्र्याबद्दल दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे लागतात. वास्तव्याची अट कडक आहे: अर्जाआधीचे सलग 12 महिने आणि त्यापूर्वीच्या 14 वर्षांत एकूण 11 वर्षे. 2019 च्या दुरुस्तीने शेजारच्या तीन देशांतल्या सहा समाजांसाठी 11 ची 5 वर्षे झाली. मुस्लिम त्यात नाहीत. इतकी वर्षे थांबून केलेला अर्ज पोकळ सहीवर उभा करू नये.

चौकशीत साक्षीदाराला विचारले, 'हे कुठे राहतात, काय करतात?' तर मोठे नाव तिथे अडखळते. वैतरण्यातली शेजारीण, तारापूर एमआयडीसीतला सहकारी, मुलांचे शिक्षक अडखळत नाहीत. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात तपासणारे दोघे वेगवेगळे असावे लागतात, नाहीतर एकच चूक दोनदा सुटते. म्हणून दोन्ही साक्षीदार एकाच घरातले नकोत. एक मोहल्ल्यातला असेल, तर दुसरा कामावरचा घ्या.

आणि उद्या कुणी आपल्याकडे सही मागितली तर? ओळखत नसू, तर स्पष्ट नाही म्हणावे. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे. ओळखत असू, तर 'नसती भानगड' म्हणून अंग काढून घेऊ नये. शेजाऱ्याबद्दल खरे सांगणे हेही नागरिकाचेच काम आहे.