पाण्याला वस्ती नसते!

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले, हे आपल्या लेकराबाळांनाही पाठ आहे. तळे बाटले म्हणून त्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही वापरून त्याची 'शुद्धी' केली. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, असे हे शास्त्र! पुढे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रूढीच्या नावाखाली आपल्याला रोखण्याचा दावा फेटाळून लावला. पाणी घेण्याचा हक्क सिद्ध झाला. परंतु ज्या पाण्यासाठी आपल्या पूर्वजांनी डोकी फोडून घेतली, त्या पाण्यात आज काय आहे, हा प्रश्न आपण विचारतो काय?

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात चिखला हे गाव आहे. मॉईल या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे ते ओळखले जाते. शेजारी डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आहे आणि सभोवती धानाच्या बांध्या. अशा पट्ट्यातील भूजलाकडे दोन्ही बाजूंनी लक्ष द्यावे लागते. खाली मँगनीजयुक्त खडक आणि खाण, वर युरिया आणि कीटकनाशके. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमध्ये मँगनीज ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तिला कोणतीही सूट नाही. मँगनीज जास्त झाले तर कपड्यांवर काळपट डाग पडतात आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला धोका पोहोचतो. नायट्रेटला रंगही नाही आणि वासही नाही. वरच्या दुधावरील तान्ह्या बाळाच्या रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती ते हिरावून घेते.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. विहिरीत टीसीएल पावडर टाकली की पाणी शुद्ध झाले, असे आपण समजतो. टीसीएलने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. पाणी उकळले तरी जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. म्हणून नायट्रेट जमिनीत उतरण्याआधीच अडवले पाहिजे. रोवणीनंतर युरिया एकदम न फेकता हप्त्याहप्त्याने देणे, उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून दूर ठेवणे, फवारणीचा पंप हापशीवर न धुणे, ही कामे साधी आहेत. पण ती एकट्यादुकट्याने करून भागत नाही. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने टाकलेले खत खालच्या अंगाच्या वस्तीच्या विहिरीत उतरते. आणि खालच्या अंगाला बहुधा कोणाची वस्ती असते, हे सांगायला हवे काय?

वर्णव्यवस्थेने विहिरी वेगळ्या केल्या, पाणवठे वेगळे केले. जमिनीखालचे पाणी मात्र तिला वेगळे करता आले नाही. म्हणूनच भूजल राखायचे असेल तर सगळ्या गावाला एकत्र बसावे लागेल. प्रश्न एवढाच की, बसायचे कोणत्या नात्याने? उपकार मागणारे म्हणून की हक्कदार म्हणून?

याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मालकीवर वाटले गेले नाही, माणशी वाटले गेले. दर माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी. भूमिहीनालाही त्यात वाटा. उसाला बंदी. पाण्याचे प्रमाण असो की गुणवत्ता, शिकायचे ते हेच की, ज्याच्याकडे सातबारा नाही त्यालाही पाण्यात हक्क आणि निर्णयात मत असेल, तरच सहकार टिकतो. नाहीतर सहकाराच्या नावाने पाटलाचीच विहीर राखली जाते.

मागे एका गावात सभेनंतर एका आजीने मला विचारले, "बाबू, हापशीचं पानी लाल येते. त्याची केस कोनावर टाकाची?" मी कलमे सांगू लागलो आणि थांबलो. त्या हापशीच्या पाण्याचा तपासणी अहवालच कोणाकडे नव्हता. दोष खडकाचा, गंजलेल्या पाइपाचा, खताचा की आणखी कशाचा, हे अहवालाशिवाय न्यायालयातही सांगता येत नाही आणि ग्रामसभेतही नाही. पुराव्यावाचून केलेला आरोप हवेत विरतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. स्वच्छ पाणी हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सांगितले. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून लागू आहे. अनुसूचित जातीजमातींचा पाणवठा दूषित करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून खाणबाधित गावांना द्यायच्या कामांत पिण्याचे पाणी हे अग्रक्रमाचे काम आहे. पण अर्ज कोण करणार? पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात आणि दुर्बल घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळावे, असे जलजीवन मिशनचे निर्देश आहेत. आपल्या गावच्या समितीत ही नावे आहेत का, आणि असली तर ती बैठकीला बसतात की फक्त सहीपुरती असतात?

थोडे आत्मपरीक्षणही करावे लागेल. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला आपण हजारोंनी निघतो. ग्रामसभेला मात्र आपली दहा माणसे जात नाहीत. वस्तीतल्या विहिरीभोवतीचे डबके आपलेच असते. दुसऱ्याच्या शेतातील युरियावर बोट ठेवण्याआधी आपले डबके बुजवले, तर आपल्या बोलण्याला वजन येईल.

चिखल्यासह या पट्ट्यातील प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडावेत. पहिला, प्रत्येक वस्तीतील प्रत्येक विहीर, हापशी आणि बोअरचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासावे आणि त्यात मँगनीज, नायट्रेट व फ्लोराइड पाहावे. दुसरा, अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि बुद्धविहारातही लावावा. तिसरा, ज्या स्रोताचे पाणी वाईट निघेल तो बंद करण्यापूर्वी त्या वस्तीला पर्यायी पाणी द्यावे. 'आमच्या विहिरीवर येऊ नका' असे म्हणण्याची संधी कोणालाही मिळू नये.

महाडला आपण पाण्यासाठी गेलो होतो, तसेच समतेसाठी गेलो होतो. आज समतेच्या पायावर गाव एकत्र आले तरच पाणी वाचेल. ठरावाचा कागद घेऊन ग्रामसभेत उभे राहा. जयभीम!