गालिच्याखालची होडी

माझे स्पष्ट मत आहे की जगातल्या निम्म्या लबाड्या गालिच्याखाली होतात आणि उरलेल्या निम्म्या रंगाच्या हाताखाली. हे मत मी कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका तळ्याच्या मधोमध, माझा उजवा पाय पोटरीपर्यंत एका होडीत रुतलेला असताना ते मला सुचले.

होडी माझ्या मेहुण्याची. मिनेसोटात मोटारीच्या नंबरपाटीवरच 'दहा हजार तळी' असे छापलेले असते. तिथे होडी नसलेला माणूस म्हणजे जुलैत छत्री नसलेला मुंबईकर. मेहुण्याने सहा वर्षे लोकांच्या होड्यांतून फुकट हिंडून घेतले आणि मग लाजेकाजेस्तव एक जुनी पाँटून बोट विकत घेतली.

पाँटून म्हणजे ॲल्युमिनियमची दोन लांबलचक नळकांडी, दोन्ही टोके बंद, आत हवा. त्यांवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर प्लायवुड, प्लायवर गालिचा, गालिच्यावर सोफासेट आणि भोवती कठडा. थोडक्यात, वन रूम किचनमधली बाहेरची खोली पाण्यात सोडून द्यायची. १९५०च्या दशकाच्या आरंभी अँब्रोज वीरेस नावाच्या तिथल्याच एका शेतकऱ्याने लोखंडी पिंपांवर लाकडी फळ्या टाकून हा प्रकार सुरू केला. आपल्याकडे दोन होड्या किंवा भोपळे एकत्र बांधून सांगड करतात, तिचीच ही श्रीमंत मावसबहीण. सांगडीत एक सोय असते. भोपळा नासला तर दिसतो. त्याला कोणी गालिचा चिकटवत नाही.

घेण्यापूर्वी मेहुण्याने मला फोन लावला. "भाऊजी, तुम्ही बँकेत आहात, एकदा नजर टाका." बँकेतल्या माणसाला होडीतले कळते, हा समज कसा पसरला कोण जाणे. बावीस वर्षांत माझ्या काउंटरवर होडी तारण ठेवायला एकही नाविक आलेला नाही. तरी मी मोबाइलच्या पडद्यात डोके घातले. हिरवागार, नवाकोरा गालिचा दिसला. मी म्हणालो, "गालिचा छान आहे." तेवढ्यावर व्यवहार झाला! ते वाक्य सासरच्या वहीत आजतागायत माझ्या नावे टाकलेले आहे.

खरे तर होडी जुनी आणि गालिचा नवा, इथेच माझ्यातला कारकून जागा व्हायला हवा होता. वर्षभर ज्या खात्यात शुकशुकाट, त्यात ३१ मार्चला एकदम भरघोस शिल्लक दिसली की आमच्याकडचा शिकाऊ पोरगासुद्धा मान वर करतो.

जुलैत आम्ही तिथे गेलो. पहिल्या रविवारी होडी डावीकडे जरा कलत होती. दुसऱ्या रविवारीही कलली. डावीकडच्या सोफ्यावर सासूबाई बसत असल्याने कोणी काही बोलले नाही, पण सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. सासूबाईंनीही ते पाहिले. त्या दिवशी त्या फक्त अर्धी पुरी खाऊन उठल्या. तिसऱ्या रविवारी मी थर्मास घ्यायला उठलो, कठड्याच्या दाराशी पाऊल टाकले, कुरकुर झाली, गालिचा टर्रकन फाटला आणि मी वर सांगितलेल्या अवस्थेत गेलो. सगळे हसले. मीही हसलो. मग मेहुण्याची बायको एकदम गप्प झाली. त्यांची चार वर्षांची मुलगी पाच मिनिटांपूर्वी त्याच जागी उड्या मारत होती.

त्यानंतर परत येईपर्यंत तिला कोणी खाली ठेवले नाही.

आता दुरुस्ती. प्लाय काढायचा तर सोफे काढा, कठडा काढा, सुकाणू काढा, कारण प्रत्येकाचा बोल्ट प्लायमधून आरपार. वरून स्क्रू फिरवला की खालचा नट त्याच्याबरोबर गरगर फिरतो, म्हणून एका माणसाने खाली उताणे पडून पाना धरायचा. तो माणूस कोण, हे सांगायला नकोच. चार दिवसांनी प्लाय निघाला तो चहात बुडवलेल्या पावासारखा. मेहुणा म्हणाला, "पण हा मरीन प्लाय होता!" मरीन म्हणजे डिंक पाण्याला दाद न देणारा आणि आतल्या थरांत पोकळी नाही, एवढेच. लाकूड ते लाकूडच. ओला गालिचा वरून चिकटवून ठेवला तर तेही कुजते. कुजू नये म्हणून तांब्याची औषधे पाजलेला प्लाय घ्यावा, तर ते तांबे ॲल्युमिनियमला खाते. एकंदरीत सुनेची आणि सासूची पत्रिका!

मग नळकांडी. त्यांत अगदी हलका हवेचा दाब भरून सांध्यांवर साबणाचे पाणी सोडतात, पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसे. डाव्या नळकांड्याच्या सांध्यावर बुडबुडे आले. आत पाणी शिरले होते, ते तिथल्या थंडीत गोठून फुगले आणि सांधा उकलला. होडी कलत होती ती यामुळे. सासूबाईंनी ते बुडबुडे स्वतः वाकून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि त्या रात्री तीन पुरणपोळ्या खाल्ल्या.

विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, पावतीवर 'जशी आहे तशी' असे लिहिले आहे. वा रे न्याय! जशी आहे तशी दाखवली कुठे होती? गिऱ्हाइकाने तपासून घ्यावे म्हणतात. म्हणजे परक्याच्या होडीचा गालिचा सुरीने फाडायचा? कोण फाडू देईल? फार तर कडेकडेने, दाराशी, सोफ्याच्या पायाशी टाच दाबून पाहता येते, होडी गाड्यावर असताना खाली शिरून प्लायला पेचकस टोचता येतो. माझे तर म्हणणे आहे की विकायच्या जुन्या होडीवर नवा गालिचा चिकटवणाऱ्याला तीच होडी घेऊन बायकामुलांसह तळ्याच्या मध्यावर पाठवावे. उड्या मारायला लावावे.

हे मी जेवणाच्या टेबलावर तावातावाने सांगत होतो. मेहुणा मान डोलावत होता. तेवढ्यात ही आमटी वाढता वाढता म्हणाली, "अहो, आपण २००८ साली डोंबिवलीची जागा विकली ती मे महिन्यात, नाही का?"

"मग?"

"ओलीच्या भिंतीला आदल्या आठवड्यात डिस्टेंपर लावला होता. त्या बाईंनी विचारलं, ही एकच भिंत नवी कशी? तुम्ही म्हणालात, मुलांनी रेघोट्या मारल्या होत्या."

"असेन म्हणालो."

"आपल्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते."

मी साबणाच्या पाण्याची बादली उचलली आणि उजवे नळकांडे तपासायला बाहेर गेलो.