वाघ मोजले, लांडगे कोण मोजणार?

२०२२ सालच्या व्याघ्रगणनेत देशातील जंगलांत ३२ हजार ५८८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावण्यात आले. त्यांनी ४ कोटी ७० लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली. त्यांपैकी वाघांची होती ९७ हजार ३९९. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे निराळे असतात. त्यांवरून ३ हजार ८० वाघ वेगवेगळे ओळखले गेले आणि देशातील एकूण संख्या सुमारे ३ हजार ६८२ असावी, असा अंदाज बांधण्यात आला. एवढे प्रचंड काम तडीस नेणाऱ्या वनरक्षकांचे व शास्त्रज्ञांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो.

या कामाचे मोल ज्यांस कळत नसेल त्यांनी सरिस्क्याचे स्मरण करावे. पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याच्या जुन्या पद्धतीने २००४ साली तेथे सोळा ते अठरा वाघ दाखविले होते. पुढच्याच वर्षी चौकशी झाली, तेव्हा एकही वाघ शिल्लक नाही असे निष्पन्न झाले. वाघ जंगलातून गेले, तरी कागदावर सुखाने नांदत होते! २००६ साली नवी पद्धत आली आणि देशाचा आकडा १ हजार ४११ वर उतरला. तो आकडा कटू होता. परंतु त्या कटू सत्यानेच सरकारला जागे केले.

मग हाच न्याय माळरानास का नको? हे कॅमेरे मुख्यतः वाघांच्या जंगलांत लागतात. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या माळांवर लांडगा, खोकड आणि तरस राहतात. त्यांच्या वाट्यास अशी नियमित देशव्यापी गणना आलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्यास पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. मात्र त्याचे घर असलेल्या गवताळ जमिनीची सरकारी दप्तरात बहुधा 'पडीक' अशीच नोंद होते, आणि पडीक म्हटलेली जमीन कारखान्यास वा रस्त्यास देताना कोणाचाही हात अडखळत नाही.

लांडग्यास पट्टे नाहीत, मग तो ओळखावा कसा, असा आक्षेप घेतला जाईल. तरसास तर पट्टे आहेत! लांडग्याच्या बाबतीत ठरावीक ठिकाणी वर्षानुवर्षे कॅमेरे लावून तो कोठे दिसतो आणि कोठे दिसेनासा होतो एवढे नोंदविले, तरी त्याचा प्रदेश वाढतो आहे की आक्रसतो आहे हे कळू शकेल. माळावर माणसांचा वावर अधिक. म्हणून मेंढपाळांस विश्वासात घेऊनच हे काम व्हावे आणि माणसांची छायाचित्रे तत्काळ नष्ट करावीत, हेही आम्ही आग्रहाने सांगू.

व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते. तिच्या जोडीने माळरानांचीही गणना व्हावी आणि तिचे निष्कर्ष जमिनीचा निर्णय होण्यापूर्वी लोकांपुढे यावेत, अशी आमची केंद्र व राज्य सरकारांस सूचना आहे. सरिस्क्यात निदान वाघ गेल्याचे कळले. लांडगा गेला, तर ते कळण्याचीही सोय आज आपण केलेली नाही.