गळक्या पंपाचा हिशेब



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर या पत्रकात पुष्कळ लिहून झाले आहे, पुढेही लिहावे लागणार आहे. या खेपेला मात्र एका रबरी वायसरवर लिहायचे आहे. दहा-वीस रुपयांचा वायसर. जिल्ह्याच्या बैठकीत हा काय विषय झाला, असे आमचे काही कार्यकर्ते म्हणाले. त्यांना आम्ही एक हिशेब करायला सांगितला, तोच इथे मांडतो.

पाठीवरचा फवारणीचा पंप सेकंदाला एक थेंब गळतो असे धरा. एवढ्याला आपल्याकडे कोणी गळती म्हणतच नाही, ‘जरासा पाझरतो’ म्हणतात. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे मिनिटाला ३ मिलिलिटर, तासाला १८० मिलिलिटर. दिवसात सहा तास पंप पाठीवर राहिला तर लिटरभराहून जास्त विषारी पाणी माणसाच्या पाठीवरून कमरेत आणि कमरेतून जांघेत उतरले. अंगात सुती सदरा, तो घामाने आधीच ओला. तो सदरा त्या पाण्याची पट्टी दिवसभर अंगाला बांधून ठेवतो. प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, क्लोरपायरीफॉस ही जात नाकातोंडातून शरीरात जाते तशीच कातडीतूनही जाते, आणि जांघेची कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त विष ओढून घेते. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झाले, असे समजणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

आपण याला ‘औषध’ म्हणतो. या शब्दानेच घात केला आहे. औषध गळाले तर फार तर वाया गेले, असे वाटते.

२०१७ साल आठवा. पैनगंगेच्या अलीकडे आपले किनवट, माहूर, हदगाव; पलीकडे यवतमाळ जिल्हा. कापूस तोच, दुकानातल्या बाटल्याही त्याच. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळापुरती बंदी घातली. कारणे पुष्कळ पुढे आली. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, दोन-तीन औषधे एकत्र कालवणे, जोरात फवारा उडवणारे नवे पंप, हातमोजे नाहीत, मास्क नाही. गळका पंप हेच कारण होते असे आम्ही म्हणत नाही. पण या यादीतले एकट्या शेतकऱ्याच्या हातात किती आहे ते पाहा. पाऊस त्याच्या हातात नाही, पऱ्हाटीची उंची नाही, बाटलीत काय भरले आहे तेही नाही. हातमोजे, चष्मा, अंगभर कपडा घालाच. पण मराठवाड्याच्या उकाड्यात ते सगळे चढवून सहा तास फवारणे काय असते, हे फलक रंगवणाऱ्या साहेबांनी एकदा स्वतः करून पाहावे. पंप मात्र आपल्याच गोठ्यात, आपल्याच खुंटीला टांगलेला असतो.

आता थोडे कडू बोलायचे आहे. पंप कोणाचा आणि पाठ कोणाची? दोन-तीन एकरवाला स्वतः फवारतो. त्याच्यापेक्षा जरा बरी शेती असली की सालगडी फवारतो, नाही तर टाकीच्या हिशेबाने पैसे घेणारा मजूर. ज्याला टाकीमागे पैसे मिळतात तो पंप गळतो म्हणून थांबत नाही. थांबला तर त्याच्या टाक्या कमी भरतात. हदगाव तालुक्यातल्या एका बैठकीत आम्ही विचारले, ‘कोणाकोणाचा पंप गळतो?’ पंचवीसेक जण बसले होते, एकाचाही हात वर झाला नाही. बैठक उठल्यावर दाराशी उभा असलेला एक गडी हळूच म्हणाला, ‘साहेब, ह्यांना कसं कळंल? पंप तर म्या घेतो.’ घामाला दाम मागायला आपण रस्त्यावर बसतो, खटले अंगावर घेतो. त्या गड्याच्या घामात काय मिसळते आहे हे आपल्यापैकी किती मालकांनी त्याचा सदरा हातात घेऊन पाहिले? आणि तो सदरा धुते त्याची बायको. बहुतेक ठिकाणी डोक्यावरून पाणी आणून टाकी भरते तीही बाईच. तिचे नाव तर कुठल्याच यादीत नसते.

तिफण, वखर, बैलगाडी ही गावच्या सुतार-लोहाराला कळणारी अवजारे होती. मृगाच्या आधी ती नीट करून घ्यायची, वखराच्या पासेला धार लावून घ्यायची, ही रीत होती. पंप आला तो दुकानातून. त्याला गावात ना सुतार, ना लोहार. बिघडला की तालुक्याला न्या, तिथला म्हणणार ठेवून जा, आणि फवारणी तर आजच करायची असते. मग चिंधी बांधायची, सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची आणि रेटायचे. आम्हीही काही वेगळे नव्हतो. कृषीची पदवी घेताना नोझलचे प्रकार आणि थेंबांचे आकार आम्ही पेपरात लिहिले, गुणही चांगले पडले. पंप उघडून वायसर बदलायला मात्र शिकवले ते लोहा तालुक्यातल्या एका सालगड्याने, बांधावर बसून. तेही आमच्या तळहाताला खटक्यातून गळलेल्या पाण्याने फोड आल्यावर.

तेव्हा ऐका. पंपाला इंजिनिअर लागत नाही. एक पाना, एक पेचकस, एक जुना टूथब्रश आणि त्या पंपाचा वायसर-संच एवढे पुरते. पण उघडण्याआधी धुवा. टाकीत कपड्याच्या साबणाचे किंवा धुण्याच्या सोड्याचे पाणी घालून ते नोझलवाटे बाहेर काढा, मग साध्या पाण्याने दोनदा. हे पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदापाशी नको. जिथे फवारले त्याच रानात सोडा. हातात रबरी मोजे घाला, पोरेबाळे लांब ठेवा.

मग टाकीत स्वच्छ पाणी भरून पंप जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. दांडी मारून दाब भरा, खटका बंद करा आणि पाच मिनिटे नुसते पाहत बसा. कागद कुठे ओला होतो त्यावरून दुखणे कळते. पुष्कळदा ते झाकणातच असते. झाकणाचे रबर हरवलेले, आणि माणूस वाकला की पाणी मानेवर. काही जण झाकण मुद्दाम सैल ठेवतात, कारण घट्ट लावले तर पंप ओढत नाही. तो दोष झाकणातले हवेचे छिद्र बुजल्याचा असतो. छिद्र साफ करा, नवे रबर बसवा, झाकण घट्ट लावा. पाइपचा सांधा गळत असेल तर पाइपचे टोक चिरलेले सापडेल. तेवढे कापून टाका, उरलेले टोक गरम पाण्यात मऊ करून नळीवर चढवा आणि स्क्रूची क्लिप आवळा. तार आवळू नका, ती पाइप पुन्हा कापते.

खटका बंद केल्यावरही नोझलमधून थेंब पडत राहिले तर लोक नोझल बदलतात आणि पैसे घालवतात. दोष बहुधा खटक्याच्या आतल्या बारीक रबरी कडीचा किंवा तिथे अडकलेल्या खड्याचा असतो. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका. हे आम्ही शंभरदा सांगितले आहे, तरी या पावसाळ्यातही कोणीतरी फुंकताना दिसणारच. तारेने किंवा दाभणाने कोरू नका, छिद्र मोठे होते, ब्रशने घासा. झिजलेले नोझल ओळखायचे तर नव्या नोझलचे मिनिटभराचे पाणी मापात धरा, मग जुन्याचे धरा. जुन्यातून दहा टक्क्यांहून जास्त पडले तर ते फेकण्याच्या लायकीचे झाले. ती गळतीच आहे, फक्त ती पाठीवर होत नाही, पिकावर आणि खिशावर होते.

सर्वांत खोल दुखणे सिलिंडरचे. दांडी मारून हात दुखतात पण दाब धरत नाही, आणि बुडाशी ओल येते. दट्ट्याचा वाटीसारखा वायसर झिजला म्हणून समजा. तो काढण्याआधी वाटीचे तोंड कोणत्या बाजूला आहे ते नीट पाहून ठेवा. आम्ही पहिल्यांदा उलटा बसवला आणि अर्धा दिवस पंपाला शिव्या दिल्या. जुन्या पितळी पंपात चामड्याचा वायसर असतो. तो वाळून आक्रसला असेल तर रात्रभर खायच्या तेलात भिजवा, पुष्कळदा कामाला येतो. रबराला मात्र तेल, डिझेल, रॉकेल लावू नका, काही रबरे त्याने फुगून वाया जातात. बसवताना साबणाचे पाणी लावले की पुरे.

बॅटरीच्या पंपाची गोष्ट निराळी. त्याच्या बुडाच्या कप्प्यात मोटर आणि रबरी पडद्याचा छोटा पंप असतो. तिथला सांधा सुटला की पाणी आधी कप्प्यात साठते आणि मग नेमके कमरेवर येते. तारांना गंज चढतो तो वेगळा. आधी बॅटरीची तार सोडा, मगच कप्पा उघडा. गाडी धुण्याच्या दुकानातला प्रेशर पंप आणि द्राक्षवाल्यांचा एचटीपी पंप हेही याच घराण्यातले, पण त्यांचा दाब कितीतरी जास्त. तिथली गळती बोटाने चाचपायची नाही, बारीक धार कातडीत घुसते. यंत्र बंद करून, दाब सोडून मग हात घाला. आणि ज्या पंपाची टाकीच चिरली आहे त्याला एम-सील फासून पुन्हा पाठीवर घेऊ नका. तो बाद.

एवढे घरचे झाले. पण वायसर मिळाला तर ना! एका कंपनीचा दुसऱ्याला बसत नाही, आणि चार वर्षांपूर्वीच्या पंपाचा भाग मागितला की दुकानदार नवा पंप दाखवतो. २०२४ साली सरकारने कापूस-सोयाबीनच्या विशेष कृती योजनेत शंभर टक्के अनुदानावर बॅटरी पंप देण्यासाठी महाडीबीटीवर अर्ज मागवले. किती पंप वाटले तो आकडा खाते सांगेल. त्यांतले किती दुसऱ्या हंगामात न गळता चालले, हा आकडा आम्हाला हवा आहे. फुकटच्या पंपाला आम्ही टाळ्या वाजवणार नाही. प्रत्येक पंपाबरोबर, मग तो अनुदानाचा असो की रोखीचा, एक वायसर-संच आणि भागांची मापे छापलेला मराठी कागद द्या. पंप विकणे बंद केल्यावरही पाच वर्षे भाग मिळतील याची हमी घ्या. हे करायला कंपनीला काय खर्च येतो?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले. मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्यांच्या जोडीला त्यात शेतीची यंत्रेही घेतली आहेत. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदाच केला, की शेतीयंत्राच्या कंपनीने सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि दुरुस्तीची साधने शेतकऱ्याला दिलीच पाहिजेत. तिथले भांडण मोठ्या ट्रॅक्टरांतल्या संगणकाचे होते, आपले रबराच्या कडीचे आहे. कडी स्वस्त आहे म्हणून आपला हक्क स्वस्त होत नाही.

काही मित्र विचारतात, फवारणीच कमी करा असे का नाही सांगत? सांगतो. कामगंध सापळे लावा, किडी मोजा, मगच बाटली उघडा, हे आम्ही गावोगाव सांगत आलो आहोत. पण निंबोळी अर्कसुद्धा याच पंपातून जातो. आणि २०१८ पासून लष्करी अळी देशात आल्यावर ज्या ज्वारीला पंप माहीत नव्हता तिच्या पोंग्यातही फवारा सोडायची वेळ आली. पंप इतक्यात सुटणार नाही.

एक राहिले. फवारताना गरगरले, लाळ सुटली, अंधुक दिसू लागले, अंग थरथरले, तर टाकी संपवायच्या नादात राहू नका. पंप उतरवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. उपचार करणाऱ्याला बाटलीवरचे नाव लागते.

नांदेड आणि लातूरच्या पुढल्या बैठकांना प्रत्येक गावाने किमान दोन पंप आणावेत. धुतलेले आणि रिकामे. एकाही टाकीत औषध नको. बैठकीआधी तासभर मंडपाबाहेर पंप उघडले जातील. ज्याचा वायसर बाजारात मिळत नाही त्या पंपाची पावती सोबत असू द्या, त्यांची यादी करून जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवायची आहे. आणि मालकांनो, पंप जो पाठीवर घेतो त्यालाही बरोबर आणा, आणि या वेळी त्याला दाराशी उभे करू नका.