शुक्राची हवा कशाने बिघडली?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. खर्च १,२३६ कोटी रुपये. यान मार्च २०२८ मध्ये सोडण्याचे ‘इस्रो’चे नियोजन. जिथे माणूस पाऊल ठेवू शकत नाही, त्या ग्रहासाठी एवढा पैसा कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर शुक्राच्या वातावरणात आहे.

शुक्र आणि पृथ्वी आकाराने जवळपास सारखे. शुक्राचा व्यास पृथ्वीच्या ९५ टक्के आहे. मात्र त्याच्या पृष्ठभागावर तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस, म्हणजे शिसे सहज वितळेल इतके. हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट. सोव्हिएत संघाचे ‘व्हेनेरा-१३’ १९८२ मध्ये तिथे उतरले आणि १२७ मिनिटे तग धरून बंद पडले.

सूर्याजवळ असल्याने शुक्र तापला, हे उत्तर अपुरे आहे. बुध सूर्याच्या त्याहून जवळ आहे. पण वातावरण नावापुरतेच असल्याने तो दिवसा ४३० अंशांपर्यंत तापतो आणि रात्री उणे १८० पर्यंत गारठतो. शुक्रावर रात्रही दिवसाइतकीच तप्त. शिवाय तिथले सल्फ्युरिक आम्लाचे ढग तीन चतुर्थांश सूर्यप्रकाश परतवून लावतात. म्हणजे शुक्र पृथ्वीपेक्षा कमी सौरऊर्जा शोषतो, तरीही तो भट्टीसारखा धगधगतो. कारण ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली जाड हवा आत आलेली उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही.

मंगळाच्या हवेतही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, पण सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास. तिथली हवा इतकी विरळ, की दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही. लहान ग्रह, दुबळे गुरुत्वाकर्षण आणि चुंबकीय क्षेत्राचे कवच नाहीसे झालेले. त्यामुळे सौरवाऱ्याने अब्जावधी वर्षे ही हवा अवकाशात उडवून नेली. अमेरिकेच्या ‘मावेन’ यानाने ही गळती प्रत्यक्ष मोजली आहे. थोडक्यात, हवेत कोणता वायू आहे यासोबतच तो किती आहे, हेही निर्णायक ठरते.

पृथ्वीकडेही कार्बन कमी नाही. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड खडकांमार्फत समुद्रात नेते आणि तिथे त्याचा चुनखडक बनतो. शुक्राच्या हवेत जेवढा कार्बन आहे, साधारण तेवढाच पृथ्वीने असा खडकांत कोंडून ठेवला आहे. शुक्राने पाणी गमावले. तिथल्या हवेत जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून अधिक आहे, ही हरवलेल्या पाण्याचीच खूण. तिथे कधी समुद्र होते का, यावर मात्र अजून वाद आहे.

कोळसा आणि तेल जाळून पृथ्वीचा शुक्र होईल, असा याचा अर्थ नाही. पण औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आज ४२० च्या पुढे गेला आहे. खडकांत कार्बन कोंडण्याची निसर्गाची प्रक्रिया लाखो वर्षांची. माणसाने घातलेली भर जेमतेम दोन-अडीचशे वर्षांची. हा हिशेब समजून घ्यायचा, तर बिघडलेल्या वातावरणाचा अभ्यास हवाच.

तो करणारी याने आज शुक्राजवळ नाहीत. जपानच्या ‘अकात्सुकी’शी एप्रिल २०२४ मध्ये संपर्क तुटला. अमेरिकेच्या ‘दाविंची’ आणि ‘व्हेरिटास’ या मोहिमा रद्द करण्याचा प्रस्ताव तिथल्या प्रशासनाने २०२५ मध्ये मांडला. युरोपचे ‘एन्व्हिजन’ पुढच्या दशकात निघणार. अशा वेळी भारताचे यान वेळेवर निघाले, तर शुक्राच्या हवेची खबर जगाला बराच काळ तेच पुरवू शकेल.