जुगाडाचा जॉइंट

मंडळी, आपल्याकडे 'जुगाड' या शब्दाचं भलतंच कौतुक आहे. माझा त्या कौतुकाला विरोध आहे, आणि पुरावा म्हणून मी साधा पाण्याचा पाईप पुढे करतो.

आमच्या मांजरसुंब्याकडे दोन वेगळ्या जातीचे पाईप जोडायची पद्धत ठरलेली. एकाचं तोंड जाळावर गरम करायचं, दुसरा त्यात कोंबायचा, वरून सायकलची ट्यूब आवळायची. झालं काम! शेतात तात्पुरतं ठीक आहे हो. पण घरात, प्लास्टरच्या आत?

गंमत बघा. 'एक इंची' मागितला तर सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास 28.6 मिमी, शेतीच्या पीव्हीसीचा 32 आणि घरगुती यूपीव्हीसीचा 33.4. नाव एक, मापं तीन! सोल्यूशन म्हणजे फटी बुजवायचा डिंक नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. मापच जुळत नसेल तर काय डोंबल एकजीव होणार? आणि एचडीपीई तर सोल्यूशनला दादच देत नाही, त्याला कॉम्प्रेशन फिटिंग लागतं.

जीआयला प्लास्टिक जोडायचं असेल तर जीआयच्या सॉकेटात एमटीए बसवा, शक्यतो पितळी आट्यांचा, टेफ्लॉन टेप गुंडाळून. उलटं केलं, म्हणजे लोखंडी आटे प्लास्टिकच्या सॉकेटात पिळले, की प्लास्टिक आज ना उद्या तडकणार.

"थोडं गळतंय, चालतंय की!" नाही चालत. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी गेलं की पाईपातला दाब जातो आणि ज्या फटीतून पाणी बाहेर येत होतं, तिथूनच गटाराचं पाणी आत शिरू शकतं. मग जुलाब, दवाखाना, सलाईन. शिवाय शेजारच्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात थेंब वाया घालवायचा?

शिव्या मात्र प्लंबरला. टाइल्सवर लाखभर उधळणारे आपणच फिटिंगच्या चार पैशांसाठी "जमवा की काहीतरी" म्हणतो. तो बिचारा जमवतो! ऑफिसात दोन सिस्टिम जोडायच्या तर आपण दहा मीटिंगा घेतो, टेस्टिंगशिवाय काही पुढे सोडत नाही. घरी ती अक्कल कुठे जाते?

तेव्हा दिवाळीत गावी बांधकाम काढणार असाल तर भिंत बुजवण्याआधी पाईपांत दाबाने पाणी भरून प्रत्येक जोड तपासायला लावा. आणि योग्य फिटिंगचे पैसे मुकाट्याने द्या.